जोखीम कमी

जयमालाने पायलच्या अहवालावर लाल पेनाने इतक्या जोरात रेघ ओढली की कागद फाटला.

"हे तू लिहिलंस?"

"ॲपने लिहिलं, मॅडम. मी रेकॉर्डिंग दिलं, त्याने सारांश काढला."

वाशीच्या कॉलेजात समाजकार्य शिकणारी पायल जयमालाच्या देखरेखीखालच्या फील्डवर्कसाठी नावडे गावच्या पुतळाबाईंना भेटून आली होती. त्यांचा नवरा त्यांना मारतो, असं शेजारणीने कळवलं होतं. अहवालात तीनच ओळी होत्या. सध्या मारहाण नाही. जोखीम कमी. केस बंद करण्यास हरकत नाही.

"तासभर त्या बाईसमोर बसलीस आणि तीन ओळी? लाव ते रेकॉर्डिंग."

पायलने फोन टेबलावर ठेवला. आधी भांडी घासल्याचा आवाज आला, मग पुतळाबाईंचा.

"आता नाय मारीत, बाय. मी तोंडच उघडत नाय ना."

पुढे बराच वेळ नुसता नळ वाहत राहिला. मग पायलचाच आवाज, उत्साही.

"अरे वा, बरं झालं!"

पायलने पटकन फोन उलटा ठेवला.

"मशीनला नाही कळलं. पण तू तर समोर होतीस! कान कुठे होते तुझे?"

"रेकॉर्ड होतंय की नाही, ते बघत होते." पायलचा आवाज चढला. "तुम्हीच वर्कशॉपमध्ये सांगितलंत ना, नोंदी त्याच्यावर सोडा, वेळ वाचेल? तेव्हापासून दिवसाला चार भेटी लावल्यात आम्हाला. आधी दोन होत्या."

जयमालाने पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. वर्कशॉप तिनेच घेतलं होतं. चार भेटींचं वेळापत्रकही तिचंच. राग गेला नव्हता. फक्त तो आता या पोरीवर काढता येत नव्हता.

"चल," ती म्हणाली.

दुपारी दोघी नावड्याला पोहोचल्या. पुतळाबाईंनी दार अर्धवट उघडलं. पायलला पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"तुमी परत? माझा काय चुकला का बोलताना?"

"नाही," पायल म्हणाली. "माझं चुकलं. मी ऐकलंच नव्हतं."

आत कुणीतरी खाकरलं. पुतळाबाई बाहेर आल्या, दार ओढून घेतलं नि पायरीवर सरकून दोघींना जागा केली.

"हलू बोला," त्या म्हणाल्या. "तो घरात हाय."