छावणीतला रस्सा

माझा भाऊ वाल्डिस मुलांना निर्वासितांची जुनी छावणी दाखवतो तेव्हा मला त्याची किळस येते. सख्खा भाऊ आहे म्हणून सौम्य शब्द शोधायची माझी तयारी नाही.

महायुद्धानंतर लात्व्हियातून जर्मनीत आणि तिथून बोटीने ऑस्ट्रेलियात येऊन आमच्या कुटुंबाने याच पत्र्याच्या बराकींत वर्ष काढलं. आता बराकींना ताजा हिरवा रंग दिलाय आणि वाल्डिस गळ्यात ओळखपत्र अडकवून शाळांच्या सहली फिरवतो. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, तसं. त्याचं ऐकावं तर इथे रोज सण होता. माश्या नव्हत्या, संडासाचे खड्डे नव्हते, उशीलासुद्धा येणारा उकडलेल्या मेंढीचा वास नव्हता. आणि आउस्माही नव्हती.

आउस्मा आमची धाकटी बहीण. आईचं दूध आटलं, बराकीत चूल पेटवायला बंदी, आणि भटारखान्यात मेंढीशिवाय काही मिळेना. पोर जुलाबांनी गेली. माझ्या नातीचा, लीगाचा वर्ग येणार हे कळल्यावर मी वाल्डिसला फोन केला आणि म्हटलं, या खेपेला तिचं नाव तेवढं घे. तो बघू म्हणाला.

सहलीच्या दिवशी मीही वर्गाबरोबर गेले. त्याने खाटा दाखवल्या, लाकडी पेट्या दाखवल्या, घोंगड्या मुलांच्या अंगावर घातल्या. इथे तान्ही बाळं होती का, असं लीगाने विचारलं.

"होती की! चांगली गुटगुटीत. इथलं खाऊन बाळसं धरायची."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आपली बहीण इथे मेली, ते सांग ना त्यांना," मी म्हणाले.

 वर्गाच्या बाई बुटांकडे बघायला लागल्या. वाल्डिस गोड हसला आणि लीगाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "तुझी आजी तेव्हा एवढीशी होती गं. तिला काय आठवणार?"

लीगाने माझ्याकडे पाहिलं. तिला त्याचंच पटलं होतं. ओळखपत्र त्याच्या गळ्यात होतं.

मग जेवण. पूर्वीसारखंच मेंढीचं मटण, पत्र्याच्या ताटलीत, आणि ताटली स्वच्छ करणाऱ्याला बिल्ला. असला खेळ कुणाच्या डोक्यातून निघाला असेल! रश्श्यावर चरबीचा पांढरा थर धरला होता. मी नाकाला रुमाल लावून दाराशी उभी राहिले. पोरं तोंडं वाकडी करत होती आणि वाल्डिस, आम्ही कसे चाटूनपुसून खायचो, हे सांगत टेबलांमधून फिरत होता.

लीगा नियमाला पक्की. तिने एक ताटली भरून त्याच्यासमोर ठेवली. "तुम्हीपण खा, आजोबा. नियम सगळ्यांना."

पोरांनी चमचे वाजवायला सुरुवात केली. वाल्डिसने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला सोडवू शकले असते, पण सोडवलं नाही. खा म्हटलं, बाळसं धरशील.

पहिला चमचा त्याने गिळला. दुसऱ्याला तोंडावर हात दाबून तो दाराकडे धावला. तो दारापर्यंतही पोचला नाही, माझ्या पायाशीच भडाभडा ओकला. ओळखपत्र, कोट, बूट, सगळं बरबटलं. पोरं शी शी करत मागे सरली. मलाही त्या घाणीची शिसारी आली, तरी मी त्याचं कपाळ धरलं, कारण दुसरं कोण धरणार?

लीगाने पाणी आणलं. त्याने चूळ भरली, बाहीने तोंड पुसलं आणि तिच्याकडे न बघता बोलला.

"आउस्माला हाच रस्सा मी भरवायचो. आई झोपली की. ती तोंड फिरवायची, मग मी नाक दाबून घालायचो. मला वाटायचं, पोटात काहीतरी जाऊ दे."

हे मला ठाऊक नव्हतं. आईलाही नसावं. तेव्हा तो आठ वर्षांचा होता, त्याचा काय दोष, हे मला कळत होतं. तरीही त्याच्या कपाळावरचा माझा हात मागे आला.