एका नळीचे साडू

धाकट्या साडूचे स्थळ थोरल्यानेच सुचवले होते. मेहुणीसाठी मुलगा बघा म्हणून सासूने त्याच्यामागे टुमणे लावले, तेव्हा त्याने आपल्याच भट्टीवरच्या एका पोराकडे बोट दाखवले. पोर गरीब, निर्व्यसनी, सांगितले तेवढे ऐकणारे. लग्न लागले, वर्ष गेले आणि पोर कामात आपल्यापुढे चालले आहे हे थोरल्याच्या ध्यानात आले. तेव्हापासून तो त्याच्या डोळ्यांत खुपू लागला.

कारखान्यात तेजाबासाठी काचेच्या मोठाल्या बरण्या फुंकत, लहान मूल आत बसेल एवढ्या. एका माणसाचा दम अशा बरणीला पुरत नाही. पहिला माणूस लोखंडी नळी वितळलेल्या काचेत बुडवून पहिली फुंक घाली, दुसरा त्याच्या ओठांतून काढून आपल्या ओठांत धरी, मग तिसरा. या सगळ्यात नळी फिरती ठेवायची. जरा थांबली की काच लोंबलीच. म्हणून नळी पुसायची पद्धत तिथे नव्हती. आधीच्याच्या थुंकीवर आपले ओठ टेकायचे आणि फुंकायचे. त्या लोकांना याचा मोठा अभिमान होता. बाहेरचा कोणी पाहून तोंड वाकडे करी, तेव्हा त्यांना अधिकच चेव येई.

थोरल्यामागून नळी घेणारा धाकटा मात्र पुसत असे. नळी फिरवता फिरवता बाहीचे टोक तोंडाकडच्या कडेवरून नेई, इतक्या झटक्यात की कोणाला दिसू नये. थोरल्याला बरोबर दिसे, कारण तो त्याच्याकडे बघण्यासाठीच टपलेला असे.

भट्टीचा मुकादम आता थकला होता. तेजाबाच्या बरण्यांचे मोठे काम आले होते. ते पार पडले की नवा मुकादम नेमतो, असे मालकाने सांगून टाकले. मुकादमाचा मान म्हणजे पहिली फुंक, आणि त्याहून मोठा म्हणजे कान. काच तडकण्याआधी बारीकशी टिचते, भट्टीच्या घोंगावण्यात तो आवाज ज्याला कळेल त्याने ओरडून सगळ्यांना मागे सारायचे. धाकट्याचे कान मांजराचे होते. थोरल्याला ठाऊक होते की मालक त्यालाच निवडणार, आणि या विचाराने त्याला अन्न गोड लागत नव्हते. वीस वर्षे भट्टीपुढे भाजून घेतल्यावर त्या कालच्या पोराच्या हाताखाली उभे राहायचे, याच्याइतकी अपमानाची गोष्ट त्याला दुसरी सुचत नव्हती.

नेमका त्याच सुमारास त्याच्या मुलीचा गाल सुजला. शाळेतून आणलेले दुखणे. डॉक्टरांनी गालगुंड म्हणून सांगितले आणि तिच्या बापाकडे वळले.

"तुम्हाला लहानपणी झाले होते का?"

"झाले असेल की."

"नाही झाले," बायको म्हणाली. "सासूबाई सांगायच्या, घरात सगळ्यांना झाले, यांना तेवढे नाही. आणि डॉक्टर, हे काच फुंकतात. एकच नळी सगळ्यांच्या तोंडात जाते."

डॉक्टरांनी हातातले पेन खाली ठेवले. "मग आजपासून नळीला तोंड लावू नका. हे दुखणे दोन-तीन आठवडे अंगात दडून बसते. सूज दिसायच्या आधीच ते दुसऱ्याला लागते. काहींना सूज येतच नाही, नुसती तापाची कसर येऊन जाते, पण लागण त्यांच्याकडूनही होते. मोठ्या माणसाला झाले तर हाल होतात."

रस्त्यावर आल्यावर तो बायकोला म्हणाला, "भट्टीवर यातलं अवाक्षर काढायचं नाही. मी महिनाभर घरी बसलो की तुझ्या बहिणीच्या नवऱ्याचं फावलंच."

"दुसरं काम मागा. भट्टीत कोळसा घाला."

"कोळसा घालणारा मुकादम कुठे पाहिलायस?"

तीही तिथेच कामाला होती. ती आणि तिची बहीण बरण्या पेंढ्यात बांधत. भट्टीवर बोलली असती तर पुढचे टळले असते. पण नवरा मुकादम व्हावा असे तिलाही वाटत होतेच, आणि हे तिने पुढे कधी लपवले नाही.

मुलगी बरी होऊन शाळेत जाऊ लागली. थोरला रोज नळीला तोंड लावत होता. एका संध्याकाळी त्याला अंगात कणकण वाटली, जबडा जरा अवघडला. भट्टीची धग लागली म्हणून त्याने कपाळावर ओले फडके टाकले आणि झोपला. सकाळी उठून कामावर गेला, आणि त्याच दिवशी त्याने धाकट्याला सगळ्यांदेखत पकडले.

"बाही कशाला फिरवतोस रे? माझ्या तोंडाला घाण लागलीय?"

"तसं नाही साडूभाऊ. सवय आहे."

"सवय! आमच्या बापजाद्यांनी एकमेकांच्या थुंकीवर फुंकलं, आणि हे साहेब नाकाने कांदे सोलतात. उद्या मुकादम झाला तर आपल्याला आंघोळ करून या म्हणेल."

माणसे खो खो हसली. धाकट्यामागून फुंकणारा, ज्याला सगळे बोका म्हणत, तो तर डोळे पुसू लागला. धाकट्याचा चेहरा उतरला. त्या दिवसापासून त्याने बाही फिरवली नाही. थोरल्याला फार बरे वाटले. जबड्यातली ठणक त्याला त्या दिवशीही जाणवत होती, आणि डॉक्टरांचे बोलणे आठवतही होते. त्याने ते मनावर घेतले नाही, एवढेच.

मध्ये बरेच दिवस काहीच घडले नाही. मग एका सकाळी धाकटा उठला तो दोन्ही गाल कानापर्यंत सुजलेले. ताप उतरेना, पाणी गिळवेना. मागोमाग भट्टीवरचे आणखी दोघे पडले. बोक्याला लहानपणीच होऊन गेले होते, तो वाचला.

जो आधी सुजला, त्याच्यावर खापर. माणसांचा हिशेब इतकाच असतो. धाकट्याने रोग आणला, सगळ्या भट्टीला दिला. "बाही फिरवायचा तेव्हाच ओळखायला हवं होतं," कोणीतरी म्हणाले, "स्वतःलाच रोग, म्हणून लपवत होता." या बोलण्याला ना शेंडा ना बुडखा, पण ते सगळ्यांना पटले. थोरल्याने मान डोलावली. मेहुणी नळावर गेली की बाकीच्या बायका हंडा उचलून बाजूला होत. बांधणीच्या खोलीत तिचा पेंढा वेगळा काढून ठेवला. ती थोरल्याकडे आली. "भाऊजी, तुम्ही तरी सांगा ना त्यांना." तो म्हणाला, "लोकांच्या तोंडाला मी कसा हात लावू?"

धाकटा बरा झाला, पण उजवा कान गेला. रात्रीत गेला आणि परत आलाच नाही. असे क्वचित होते, डॉक्टर म्हणाले, आणि झाले तर इलाज नाही. तो भट्टीवर आला त्याच दिवशी एक बरणी टिचली. त्याला ऐकू आले, पण कुठून ते कळेना. तो भलत्याच बाजूला ओरडला आणि एकाचा हात भाजला. मालकाने त्याला आवारात काचेचा चुरा भरायला लावले. बरण्यांचे मोठे काम पार पडले आणि मुकादमी थोरल्याला मिळाली.

घरी त्याने पेढ्यांचा पुडा बायकोपुढे धरला. तिने हात पुढे केला नाही.

"तिचा हंडा बाजूला सारतात," ती म्हणाली. "माझ्या बहिणीचा."

"पडेल विसर लोकांना."

"पाडते मी त्यांना विसर."

त्याला वाटले, बाईमाणूस, रागावली आहे, होईल शांत.

दुसऱ्या दिवशी तो मुकादमाच्या जागी उभा राहिला. नळी बुडवली, काचेचा गोळा उचलला, फिरवत फिरवत पहिली फुंक घातली. उत्तम फुगा धरला. मग नेहमीसारखी नळी ओठांतून काढून त्याने बाजूला केली. घ्यायला हात आला नाही. त्याने वळून पाहिले. बोका हाताची घडी घालून उभा होता. बाकीचेही. त्यांच्यामागे बांधणीच्या खोलीच्या दारात त्याची बायको उभी होती आणि तिने बहिणीचा हात धरला होता.

"घे ना," तो बोक्याला म्हणाला. "लोंबतेय."

"वहिनींनी सकाळी सगळं सांगितलं," बोका म्हणाला. "पोरीचा गाल, डॉक्टर, सगळं. आता तुम्हीच फुंका, मुकादम."

त्याने नळी परत तोंडाला लावली आणि फुंकू लागला. गाल फुगले, डोळ्यांपुढे काजवे चमकले, दम संपला. एका माणसाचा दम त्या बरणीला पुरत नाही. काच हळूहळू लांब होत खाली आली आणि त्याच्या पायाशी जमिनीवर पसरली. कोणी मागे सरले नाही, कोणी ओरडलेही नाही. सगळे तो पुढची नळी उचलतो का ते बघत उभे राहिले.