शेवाळाचं पाणी

शेवाळ मरत नाही, फक्त वाट बघतं, असं पंचाक्षरी सरांनी ज्युनिअर कॉलेजात बत्तीस वर्षं शिकवलं. सरांच्या देखभालीला असलेल्या वर्षाराणीनं बोट लावलं, तर त्याचा भुगा झाला.

निवृत्तीच्या वर्षी सरांनी ते कंधारच्या किल्ल्याच्या खंदकातून आणलं होतं. बोअरच्या पाण्यानं त्यावर पांढरं साचायचं, म्हणून त्याला जारचं पाणी, तेही फवारून. वर्षाराणी रोज सकाळी दोन बाटल्या भरायची. शेवाळाच्या फवाऱ्यात अर्धा लिटर, सरांना प्यायला एक लिटर. किडन्या गेल्यापासून डॉक्टरांनी तेवढंच ठरवून दिलं होतं, चहा-वरण वेगळं. संध्याकाळी दोन्ही रिकाम्या असायच्या.

तरी गेल्या महिन्याभरात शेवाळ आक्रसलं. तिनं ते उन्हातून हलवलं, ओल टिकावी म्हणून वर प्लास्टिक ताणलं. शेजारणीनं सुचवलेला युरिया तेवढा सरांनी हाणून पाडला.

"मुळंच न्हाईत त्याला. खाणार कशानं?"

मंगळवारी डायलिसिससाठी दोघं मुरुडहून लातूरला गेले. काट्यावर सरांना उभं करून टेक्निशियन शिवम वैतागला.

"सर, परत तीन किलो वाढलं! दोनच्या वर जाऊ नका म्हणलो होतो की. फुफ्फुसात पाणी झालं तर हितवर पोचणार न्हाई तुम्ही."

"वरण पातळ झालं असंल."

"वरण हाय का मांजरा धरण?"

सरांना मशीनवर चार तास लागतात. तेवढ्यात वर्षाराणीनं पिशवीतलं शेवाळाचं काचेचं भांडं जवळच्या नर्सरीत नेलं. आनंदराजनं शेवाळ नखानं उचकटून पाहिलं.

"मावशी, खत नको का औषध नको. ह्याला पाणीच भेटून न्हाई राहिलं."

"रोज अर्धा लिटर फवारतेत सर."

"अर्ध्या लिटरात पोहलं असतं हे. महिनाभर थेंब न्हाई ह्याला."

तिनं पिशवीची चेन लावली, उघडली, पुन्हा लावली.

"बरं," ती म्हणाली.

परतीच्या एसटीत सरांनी विचारलं, "काय म्हणला?"

"ऊन लागलं म्हणला."

"वाटलंच मला," म्हणून सर खिडकीबाहेर बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी तिनं शेवाळ उकिरड्यावर टाकलं, भांडं घासून पालथं घातलं. फवारा रोजच्यासारखा काठोकाठ भरून जागेवर ठेवला. प्यायची बाटली अर्धीच भरली. सरांनी दोन्हींकडे पाहिलं आणि पेपर उघडला.

पुढच्या मंगळवारी काट्यावर वजन दोन किलोच वाढलेलं भरलं.