चौथा माड

लोगो_नवा.जीआयएफ, १४ केबी

हा पडद्यावर देखणा दिसतो. गोल, गोलात माड, माडांखाली पाटाचं पाणी. गिरीज गावच्या बागायतदार संघाचा लोगो. संघाचे सचिव राऊतकाका, त्यांचा पुतण्या तेजस अमेरिकेत असतो, त्याने वेबसाइटसाठी बनवून ईमेलने पाठवला. वेबसाइटसाठी म्हणजे इंचाला बहात्तर ठिपके. स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर तो पाच इंच हवाय. ऑफसेटवर त्याच्या कडा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या दिसणार. माझ्या घरच्या प्रिंटरवर शाई थोडी पसरते, त्यामुळे पायऱ्या झाकल्या जातात.

लोगो.ईपीएस, ६२ केबी

हा पडद्यावर भीषण दिसतो. पानं लावायचा प्रोग्रॅम, पेजमेकर, त्याची फक्त एक ओबडधोबड सावली दाखवतो. माड म्हणजे एक काळा डाग, पाणी म्हणजे दुसरा. माझा प्रिंटरही ती सावलीच छापतो, कारण ईपीएसची भाषा त्याला येत नाही. मुंबईत प्रभादेवीला जिथे छपाईची फिल्म निघते तिथल्या मशीनला येते. तिथे रेषा ब्लेडने कापल्यासारखी येते, पाच इंच करा नाहीतर पाच फूट. जानेवारीत संघाच्या जुन्या लेटरहेडवरून कोरल या चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये एकेक वळण ओढून मी तो काढला होता.

मी उन्नती. वसईच्या एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये डीटीपी करते. साल नव्याण्णव.

बुधवार, संध्याकाळी पाच

राऊतकाका खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले.

"हे काय डांबर सांडलंय?"

"काका, ते फक्त इथे तसं दिसतं. छपाईत एकदम स्वच्छ येतं."

"आणि तेजसने पाठवलेला?"

मी तो लावून दाखवला.

"हा इथे स्वच्छ दिसतो."

"हो, पण छपाईत..."

"म्हणजे चांगला दिसतो तो वाईट आणि वाईट दिसतो तो चांगला? मी बासष्ट वर्षांचा आहे गं." ते हसले. "हा लाव. रविवारी पंचवीस वर्षांचा कार्यक्रम. जेम्सच्या हातून प्रकाशन आहे, त्याच्या हातात डांबर देऊ काय?"

मी तेजसचा लावला. प्रिंट काढली. त्यांनी चष्मा वर सरकवून पाहिलं आणि खाली सही केली.

बुधवार, संध्याकाळी सव्वासहा

ते गेले. मी ईपीएस परत लावला.

कोणाला कळणार नव्हतं. छापून आल्यावर तेच म्हणाले असते, बघ, किती छान आलाय. दोन्ही लोगो एकच, असंच मी धरून चालले होते. तेजसने नुसता रंग भरलाय असं वाटलं होतं.

गुरुवार, सकाळी साडेदहा

कार्यक्रमाचं निमंत्रण करायला घेतलं म्हणून लोगो.ईपीएस कोरलमध्ये उघडला. तिथे सावली नसते, खऱ्या रेषा दिसतात.

तीन माड.

तेजसचा उघडला.

चार.

पुन्हा मोजले. बोट पडद्याला लावून मोजले.

तीन माड म्हणजे गिरीज आणि शेजारची दोन गावं. होळी गावचे बागायतदार संघाबाहेर होते. भाजीच्या वजनावरून झालेलं भांडण, सतरा वर्षांचं. या मे महिन्यात ते आत आले. जेम्स होळीचे, आता संघाचे उपाध्यक्ष. सभेत ठरलं होतं की लोगोत चौथा माड घालायचा. हे मला काकांनी सांगितलं होतं काय? सांगितलं असेल. मी तेव्हा समासांचं माप बघत असेन.

फाइलची झिप डिस्क आणि सहीची प्रिंट घेऊन माझा नवरा कौस्तुभ सकाळीच गेला होता. त्याचं ऑफिस प्रभादेवीलाच आहे. साडेनऊला त्याने ती देऊन टाकली असणार.

रविवारी जेम्स वेष्टन सोडतील. स्टेजवर, सगळ्यांसमोर. वर तीन माड.

फोन

एंगेज.
एंगेज.
वाजतो, कोणी उचलत नाही.
एंगेज.
कौस्तुभच्या ऑफिसात लावला, साहेब मीटिंगमध्ये.
एंगेज.
फिल्म एकदा निघाली की निघाली. उद्या सकाळी वसईच्या प्रेसमध्ये प्लेट होणार.
वाजतो.

"बोल उन्नती." फिल्म काढणारा कॉन्रॅड. "तुलाच लावत होतो. तुझा फोन एंगेज."

"कव्हर निघालं?"

"थांबवलंय. प्रूफवर चार झाडं, फाइलमध्ये तीन. कोणाचं खरं धरू?"



"चार. कॉन्रॅड, एक माड कॉपी करून बाजूला बसव ना. दोन मिनिटांचं काम आहे."

"दोन मिनिटांत करतो. पण सही झालेल्या कव्हरला मी हात लावत नाही. कस्टमरची नवी सही फॅक्स कर. साडेबाराच्या आत आली तर आज, नाहीतर मंडे."

"मंडेला काय करू? कार्यक्रम संडेला आहे."

"म्हणून तर सांगतोय, पळ."

लोगो_चार.सीडीआर

चौथा माड मी घाईघाईत बसवला. कोरलमधून प्रिंट काढली, कोरल आपल्या रेषा घरच्या प्रिंटरवरही नीट छापतं. सुरेख आली. ती घेतली, तेजसच्या लोगोची एक प्रिंट घेतली. रिक्षा, स्टेशनचा पूल, पलीकडे दुसरी रिक्षा. काय बोलायचं ते वाटेत ठरवत होते. प्रेसने चूक केली. कॉम्प्युटरने फाइल बदलली. असं होतं काका कधीकधी, व्हायरस असतो. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं, तेव्हा कळलं की मी हे मोठ्याने बोलतेय.

गिरीज, अकरा पन्नास

काका वाडीत केळीच्या घडाला टेकू देत होते. त्यांच्या बायकोने, सावित्रीकाकूंनी, मला पाहिलं आणि आधी पाणी आणलं.

"बस. तोंड बघ किती उतरलंय. हे काही बोलले काय तुला?"

"नाही काकू. मीच..."

मी सांगितलं. व्हायरस वगैरे काही आठवलं नाही. तुम्ही गेल्यावर मी लोगो बदलला, तो जुना होता, त्यात होळी नाही.

काकांनी हातातली दोरी बांधून पुरी केली. गाठ ओढून पाहिली.

"माझ्या सहीनंतर?"

"हो."

"मग सही कशाला घेतलीस? माझं अक्षर चांगलं आहे म्हणून?"

सावित्रीकाकू म्हणाल्या, "अहो, ती सांगायला आलीय ना स्वतः."

"आलीय, कारण पकडलं गेलं." मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता, "जेम्सला आत आणायला मी किती वेळा होळीला गेलो ठाऊक आहे? पहिल्या खेपेला त्याने गेटसुद्धा उघडलं नाही. त्या माणसाने तीन माड पाहिले असते तर मी काय सांगणार होतो? डीटीपीवाल्या बाईंना वाटलं म्हणून?"

 घड्याळात बारा वाजून पाच मिनिटं झाली होती.

दोन्ही प्रिंट मी ओट्यावर ठेवल्या. त्यांनी माझी उचलली. धारदार, चार माड, पाण्याची प्रत्येक रेघ वेगळी. बराच वेळ धरून ठेवली.

"हे छान आहे."

"हो ना काका."

"हेच छापलं जाणार?"

आता हो म्हणायचं होतं. एवढंच. ते सही करत होते, पेन खिशातून निघालं होतं.

"असंच," मी म्हणाले. "पण हे नाही. ही फाइल माझ्या घरी आहे. चौथा माड तिकडे कॉन्रॅड बसवणार. मी तो पाहिलेला नाही."

"म्हणजे तू न पाहिलेल्यावर मी सही करायची."

"तो चांगला काढेल. हा दुसरा, तेजसचा, छपाईत खरंच खराब येतो काका. कडा तुटतात. हे मी खोटं सांगत नाही."

"काल पण खोटं सांगत नव्हतीस." त्यांनी माझी प्रिंट नीट घडी न पडू देता बाजूला ठेवली आणि तेजसची पुढे ओढली. "यात चार आहेत. मी मोजलेत, तुझ्यासमोर मोजतो. एक, दोन, तीन, चार. कडा तुटल्या तर तुटू देत. जेम्स कडा मोजणार नाही."

सही केली. सहीखाली आणखी एक ओळ लिहिली.

नाक्यावरचं फॅक्सचं दुकान, बारा चोवीस

कागद आत गेला. मशीन कण्हत राहिलं. मी तिथूनच फोन लावला.

"आला," कॉन्रॅड म्हणाला. "जीआयएफ?"

"जीआयएफ. फोल्डरमध्ये आहे, लोगो_नवा."

"पाच इंचाला? कव्हरवर? उन्नती, मी मस्त झाड काढून ठेवलंय इकडे."

"सही कशावर आहे?"

"जीआयएफवर. खाली मराठीत काय लिहिलंय? पाहिले..."

"पाहिले तेच छापावे."

 त्याच्या मागे मशीनचा आवाज येत होता.

"ऐक. मागच्या कव्हरवर अक्षरजुळणी म्हणून तुझं नाव आहे. हा लोगो बघून तुला कोण काम देणार? नाव उडवतो. कोणाला कळणार नाही."

दुकानदार हातानेच खुणावत होता, बाई, मागे माणसं उभी आहेत.

"सहीच्या प्रूफवर आहे नाव?" मी विचारलं.

"आहे ना."

"मग राहू दे."