डोंगळ्यांचं दान

पुण्याच्या प्रोफेसर आगट्यांचं पत्र बन्सीधर मास्तरांना सदतीस साली आलं होतं. चव्वेचाळीस साल उजाडलं तरी मास्तरांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं.

पत्र काही लांबलचक नव्हतं. मास्तरांनी आपल्या पिंगळी गावच्या काळ्या डोंगळ्यांवर एक टिपण पाठवलं होतं. प्रोफेसरांना ते आवडलं होतं आणि आपल्या मासिकात छापायची त्यांची तयारी होती. फक्त एक शंका होती. 'हे डोंगळे मुंग्यांच्या फार जुन्या कुळातले दिसतात. नांगी मारून जिवंत भक्ष्य पकडायचे, एवढाच त्यांचा धंदा. दाणे साठवणाऱ्या, साखर चाटणाऱ्या मुंग्या नंतरच्या. तुमचे डोंगळे शिकार करतात आणि ज्वारीच्या कण्याही नेतात, हे खरे असेल तर मोठीच गोष्ट आहे. पण ती कणी आपण स्वतः त्यांच्या जबड्यातून काढून पाहिलीत काय?'

मास्तरांनी पाहिली नव्हती.

गावचे मोठे जमीनदार दिनकरराव देशमुख दर शनिवारी आपल्या गोठ्यामागं डोंगळ्यांच्या बिळापाशी साखर कालवलेल्या कण्या टाकत. शनीची पीडा टळते म्हणून. पहिल्याच वर्षी बांधाचा दावा त्यांच्या बाजूनं लागला. हैदराबादच्या वकिलानं रक्त आटवून जिंकलेला दावा देशमुखांनी खुशाल डोंगळ्यांना बहाल केला. तेव्हापासून शनिवारी तिथं गर्दी जमे. डोंगळ्यांची काळी रांग निघे, प्रत्येकाच्या तोंडात पांढरी कणी. लोक हात जोडत. दान पावलं!

मास्तर तीस पावलं मागं, लिंबाखाली उभे राहत. पुढं गेलं की देशमुख चारचौघांत बोलायला लावतील, ही भीती. तिथून जे दिसलं आणि पुढच्या लोकांनी जे सांगितलं, ते एकत्र करून मास्तरांनी लिहिलं होतं, 'मी प्रत्यक्ष पाहिले.' या गावाला ते अडाण्यांचा बाजार म्हणत, आणि टिपण लिहिलं ते या बाजाराच्याच शब्दावर.

'होय' लिहावं तर खोटं. 'नाही' लिहावं तर टिपण गेलं. जन्मभर निजामाच्या शाळेत उर्दूतून हिशेब शिकवलेल्या माणसाचं नाव एकदाच छापून येणार होतं. जवळ जाऊन पाहायचं म्हटलं, तर काय दिसेल याचीच धास्ती. मग मास्तर प्रोफेसरांनाच मनात हसत. पुण्यात गादीवर बसून शंका काढायला काय जातं!

त्या पावसाळ्यात दिनकरराव आपण होऊन मास्तरांच्या ओसरीवर आले.

"मास्तर, पुण्याला तुमचा पत्रव्यवहार हाय म्हणं. पोस्टमन सांगत होता."

"व्यवहार नाही. एक पत्र आलं होतं."

"बस झालं की! त्यांच्याकडून तसदीक मागवा. आपले डोंगळे दान घेतात, असं सही-शिक्क्यानिशी. बिळापाशी चौथरा बांधायलोत, तिथं दगडात कोरून टाकतो. खाली तुमचंबी नाव टाकू. बारीक अक्षरात."

दगडाला शिक्का मागणारा हा माणूस! मास्तरांच्या ओठांवर तुच्छतेचं हसू आलं, पण ते बारीक अक्षर काही केल्या डोळ्यांपुढून हलेना.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी, ते गोठ्यामागं गेले. कण्या टाकलेल्या नव्हत्या. देशमुखांच्या गोठ्यात शेणकूर करणारी चतुराबाई सरपणाला कपाशीच्या पऱ्हाट्या मोडत होती.

"आज शनिवार न्हाई मास्तर. देव जेवायला येत नस्तो."

मास्तर बिळापाशी गुडघ्यावर बसले. बऱ्याच वेळानं पऱ्हाट्यांच्या ढिगाखालून एक डोंगळा एकटाच आला आणि बिळात शिरला. थोड्याच वेळात शंभरेक डोंगळे ओळीनं बाहेर पडून त्याच्याच वाटेनं ढिगाकडं गेले. गेले ते रिकाम्या तोंडानं, परतले ते प्रत्येकाच्या जबड्यात पांढरं काहीतरी घेऊन. टाकलेली एकही कणी नसताना.

मास्तरांनी बोट पुढं केलं. डोंगळ्यानं नांगी मारली. ते कळवळून मागं कोलमडले.

"बोटानं धरत्यात व्हय!" चतुराबाईनं काडीनं डोंगळा दाबला आणि त्याच्या तोंडातलं पांढरं मास्तरांच्या तळहातावर टाकलं. त्याला पाय होते. ते अजून वळवळत होते.

"वाळवी हाय. ढिगाखाली लय झालीय. कण्या लाल मुंग्या नेत्यात, उरल्या की माझ्या कोंबड्या."

"तुला ठाऊक होतं?"

"समद्या बायांना ठावं हाय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कुनी इचारलं? तुमी तर तिकडं लिंबाखाली हुबे ऱ्हायचात."

मास्तरांनी त्याच दुपारी उत्तर लिहिलं. चार ओळींचं. डोंगळे वाळवीच नेतात, कण्या नेत नाहीत. 'प्रत्यक्ष पाहिले' हे आपण खोटं लिहिलं होतं, टिपण छापू नये. पाकीट घेऊन ते स्टेशनाकडं निघाले, तर वाटेत देशमुख भेटले.

"लिहिलं का? दान घेतात म्हणून?"

खोटं बोलून पुढं जाणं सोपं होतं. पण मास्तर म्हणाले, "नाही. वाळवी खातात ते. मी आज हातात घेऊन पाहिली."

देशमुखांनी मास्तरांच्या सुजलेल्या बोटाकडं पाहिलं आणि ते खो खो हसले. "मास्तर, पुण्याचा मानूस हितं बघायला येनार हाय का? फाडा ते. दुसरं लिहा. माझा चौथरा होतो, तुमचं नाव छापून येतं. डोंगळ्यांचं काय जातं?"

मास्तर त्या थुलथुलीत, समाधानी चेहऱ्याकडं बघत राहिले. इतकी वर्षं ज्याची किळस केली, तो माणूस अगदी मास्तरांच्या मनातलंच बोलत होता. आपल्यात आणि याच्यात फरक इतकाच, की हा निदान पुढं उभा राहत होता. त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

"दुसरं तुम्हीच लिहा," ते म्हणाले. "बारीक अक्षरात."

देशमुखांचं हसू थांबलं. ते मागून काहीतरी ओरडले, पण मास्तर थांबले नाहीत. प्रोफेसर अजून पुण्यात आहेत की नाहीत, आहेत तर हयात आहेत की नाहीत, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. स्टेशनात पूर्णेकडून आलेली टपालाची गाडी उभी होती. मास्तरांनी पाकीट तिच्या टपालपेटीत टाकलं.