कच्ची मडकी

मेट्रोच्या स्टेशनसाठी रस्ता खणला तर खाली कुंभाराची भट्टी लागली. आत मडकी नीट रचलेली, पण भट्टी कुणी पेटवलीच नव्हती! शेकडो वर्षं ती कच्ची मडकी मातीत घट्ट दबून होती म्हणून टिकली. आता उघडी पडली होती. पाणी लागलं की चिखल. आणि पाणी तर चहूबाजूंनी पाझरत होतं.

उत्खनन उकरीकडे होतं. लहानपणी अंगण उकरून ठेवायची म्हणून घरच्यांनी पाडलेलं नाव. पुढे पोटापाण्याला तेच आलं. मडक्यांना औषध पाजून घट्ट करायचं आणि मग उचलायची, म्हणून तिने इंजिनिअरच्या मागे लागून पंप रात्रंदिवस चालू ठेवायला लावला होता.

सकाळी इंजिनिअर आला तो चेहरा पाडूनच. "मॅडम, पाणी उपसून आजूबाजूची जमीन खचतेय. घरांना तडे जाताहेत. पंप बंद करू?"

"जुनी घरं आहेत, तडे जायचेच! संध्याकाळपर्यंत थांबा ना, पाया पडते तुमच्या."

तो भला माणूस, थांबला. भलेपणाही कधी कधी नडतो हो!

दुपारी ताईचा फोन आला. ताई आणि बाबा त्याच रस्त्यावर राहायचे, खड्ड्याला अगदी लागून.

"उकरे, बाबांच्या खोलीचं दार उघडत नाहीये! चौकट वाकलीय. आतून हाका मारताहेत गं. तुझा तो मेला पंप बंद कर आधी!"

उकरी पंपाकडे वळली. आणि खरं सांगायचं तर तेवढ्यातही तिच्या मनात आलंच, अजून तासभर मिळाला असता तर! मग स्वतःचीच लाज वाटून ती किंचाळली, "बंद करा!" आणि सगळं तसंच टाकून धावत सुटली.

शेजाऱ्यांनी दार फोडून बाबांना बाहेर आणलं होतं. बाबा धडधाकट होते. उकरी त्यांच्या गळ्यात पडून रडली. ताईने तोंड फिरवलं.

ती परतली तेव्हा भट्टीत पाणी चढलं होतं. तिने घाईघाईने एक मडकं उचललं. काठ तेवढा हातात आला, तोही बोटांतून ओघळला.

ताईचं घर बघून आलेला इंजिनिअर खड्ड्याच्या काठावर उभा होता. "खचणं थांबेल आता," तो म्हणाला. "पण घर राहायचं नाही. पाडावंच लागेल."

"सकाळीच पंप बंद केला असता तर?"

तो खाली वाकून पंपाची नळी गुंडाळू लागला. मागून ताई आली, घाबरीघुबरी.

"काय गं, काय म्हणताहेत साहेब? बाबांना घरात कधी नेऊ?"