वन्संच्या संत्र्याच्या गोळ्या

वन्सं ऑकलंडहून व्हिटॅमिन सीच्या गोळ्यांचा खोका घेऊन आल्या, तेव्हा माझ्या नवऱ्याला, केलेपीला, साखरेचा आजार जडून बारा वर्षं झाली होती. गोळ्या पाण्यात टाकल्या की फसफसायच्या, संत्र्याचा वास यायचा. यानं साखर उतरते, ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनीच शोधून काढलंय, असं त्यांनी चर्चच्या अंगणात सगळ्यांसमोर सांगितलं. आमच्या टोंगात भावासाठी बहिणीचा शब्द देवाच्या खालोखाल. भावजयीला तिथं कोण विचारतो? मी खाली मान घालून चटई विणत राहिले.

दवाखान्यातल्या नर्सला, फुसिपालाला, मी विचारलं. ती म्हणाली की काहींची साखर यानं थोडीफार उतरलेली दिसलीय, पण नेहमीचं औषध चालू असताना. ते सोडा असं कुणीच म्हटलेलं नाही. घरी येऊन मी हे केलेपीला सांगितलं. तो हसला. औषध घेतोच की, म्हणाला. पुढंही रोज विचारलं की हेच उत्तर.

ऑगस्टात कोनफळं खणताना त्याच्या पायाच्या अंगठ्याला कुदळ लागली. साखरेनं पाय बधिर झालेले, त्याला कळलंसुद्धा नाही. घरात वास सुटला तेव्हा मी पाय पाहिला. दवाखान्यात साखर इतकी निघाली की यंत्रावर आकडाच येईना. गुडघ्याखालून पाय कापला. त्याचे कपडे न्यायला मी पेटी उघडली, तर तळाशी पिशवीत सहा महिन्यांचं औषध जसंच्या तसं.

वन्सं पुन्हा आल्या, नवा खोका घेऊन. सगळं गणगोत चटईवर बसलेलं. त्या म्हणाल्या, हिनं त्याला मेंढीची चरबी खाऊ घातली म्हणून हे झालं.

मी उठून उभी राहिले. त्या बसलेल्या असताना मी उभं राहणं हाच अपमान. पिशवी त्यांच्या मांडीवर रिकामी केली.

"वन्सं, तुम्हालाही साखर आहे. तुम्ही तुमचं औषध सोडलंत?"

त्या मांडीवरच्या औषधाच्या गोळ्या पुन्हा पिशवीत भरू लागल्या. मग हळूच म्हणाल्या, "मी दोन्ही घेते."

"मग त्याला का नाही सांगितलंत?"

"त्यानं विचारलं नाही."

मी खोका उचलला आणि दाराबाहेर फेकला. थोरल्या दिरांनी मला वन्संच्या पायाशी बसून माफी मागायला सांगितलं. मी मागितली नाही. वन्सं त्याच दुपारी पाद्रीबाबांच्या घरी राहायला गेल्या. त्या रविवारी चर्चमध्ये माझ्या शेजारी कुणी बसलं नाही.

केलेपी दोन आठवडे माझ्याशी बोलला नाही. बहिणीला चारचौघांत बोललीस, एवढंच त्याचं म्हणणं. आता सकाळ-संध्याकाळ मी औषध देते, तो भिंतीकडे बघत गिळतो, आणि तोंड उघडून दाखव म्हटलं की दाखवतो. लोकांना वाटतं माझा राग वन्संवर आहे. वन्संनी अर्धंच सांगितलं. हा सहा महिने रोज माझ्या तोंडावर खोटं बोलला.